प्रतिपक्षाला जागा

वकिली शिकवणाऱ्या संस्थेत बोलण्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न इतर कॉलेजांपेक्षा वेगळा का, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने मूट कोर्टाची एक स्पर्धा शेवटपर्यंत बसून पाहावी. स्पर्धेत उतरलेल्या चमूला दोन्ही पक्षांच्या बाजूने लेखी युक्तिवाद तयार करावा लागतो. सकाळच्या फेरीत अपीलकर्त्यासाठी तावातावाने बोललेली मुलगी दुपारी प्रतिवादीसाठी उभी राहते, आणि काही तासांपूर्वी तिनेच खोडून काढलेला मुद्दा आता तिला सांभाळायचा असतो. न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलेले अनुभवी वकील तिला नेमके तिथेच गाठतात. तिचे स्वतःचे मत काय, हे तिला कुणी विचारत नाही. जिने समोरच्या बाजूचे निवाडे त्यातले बळ ओळखून वाचलेले असतात ती टिकते. जिने ते वाचायच्याही लायकीचे नाहीत असे आधीच ठरवलेले असते ती दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला अडखळते.

कायद्याची कलमे एकट्याने पाठ करता येतात. वकिली मात्र विरोधी युक्तिवादाशिवाय शिकताच येत नाही. त्यामुळे ज्या कॉलेजात दुसरे मत ऐकूच येत नाही, मग ते विद्यार्थ्यांनी दाबलेले असो, प्राध्यापकांनी गाळलेले असो की सरकारने धाक घालून गप्प केलेले असो, तिथला विद्यार्थी अर्धेच शिक्षण घेऊन बाहेर पडतो. तोच पुढे तालुक्याच्या कोर्टात उभा राहतो, सरकारी वकील होतो, न्यायाधीश होतो, आमदार होतो.

या संग्रहातले लेख अमेरिकेतल्या आणि आपल्याकडच्या विधी शिक्षणसंस्थांमधल्या अशा वादांविषयी आहेत. काही लेखकांशी माझे मत जुळते, काहींशी अजिबात जुळत नाही. विषय मात्र प्रत्येकाने मनावर घेतलेला आहे. अमेरिकेपासून सुरुवात करायचे कारण सरळ आहे: तिथे हा वाद उघड्यावर, कागदोपत्री आणि नावानिशी झाला, त्यामुळे तो तपासता येतो.

९ मार्च २०२३ रोजी स्टॅनफर्ड लॉ स्कूलमध्ये काइल डंकन यांचे व्याख्यान होते. डंकन पाचव्या सर्किटच्या संघीय अपील न्यायालयाचे न्यायाधीश, डोनाल्ड ट्रम्प यांनी नेमलेले. बोलावणारी संघटना फेडरलिस्ट सोसायटी, म्हणजे उजव्या विचारांच्या कायदेपंडितांची आणि विद्यार्थ्यांची. विद्यार्थ्यांचा राग निराधार नव्हता, हे आधी सांगितले पाहिजे. २०२० च्या एका प्रकरणात डंकन यांनी एका ट्रान्सजेंडर पक्षकाराचा उल्लेख तिला हव्या त्या सर्वनामांनी करण्यास नकार देणारे निकालपत्र लिहिले होते. वर्गात बसलेल्या काही विद्यार्थ्यांसाठी तो निकाल म्हणजे त्यांच्या अस्तित्वाचाच नकार होता. त्यांनी बाहेर फलक धरले असते, सभेतून उठून गेले असते, प्रश्नोत्तरांत त्या निकालपत्राच्या चिंधड्या उडवल्या असत्या, तर त्याला उत्तम वकिली शिक्षण म्हणावे लागले असते.

घडले ते वेगळे. घोषणा आणि हुर्यो यांत न्यायाधीशांना भाषण करता येईना. त्यांचाही तोल गेला आणि त्यांनी विद्यार्थ्यांना अपमानास्पद शब्द वापरले. वातावरण शांत करायला कुणी प्रशासकाने पुढे यावे, असे त्यांनी म्हटल्यावर विविधता आणि समावेशनाचे काम पाहणाऱ्या सहयोगी डीन पुढे आल्या. त्यांनी आधी लिहून आणलेले निवेदन वाचले. न्यायाधीशांना बोलण्याचा हक्क आहे असे त्या म्हणाल्या, पण ज्या भाषणाने इतक्यांना दुखावले जाते ते करण्याइतके मोलाचे आहे का, असा प्रश्नही त्यांनी पाहुण्यालाच केला. माझ्या मते त्या दिवशीची सर्वांत मोठी चूक हीच. विद्यार्थी तरुण आहेत, ते चिडतात. संस्थेच्या वतीने उभ्या राहणाऱ्या माणसाने मात्र नियम सांगायचा असतो. पाहुण्याच्या भाषणाची किंमत ठरवणे हे त्याचे काम नव्हे.

दोनच दिवसांत विद्यापीठाचे अध्यक्ष आणि लॉ स्कूलच्या डीन जेनी मार्टिनेझ यांनी न्यायाधीशांची लेखी माफी मागितली. त्यानंतर मार्टिनेझ आपल्या संविधानाच्या तासाला गेल्या तेव्हा फळा निषेधाच्या कागदांनी झाकलेला होता, आणि तास संपवून बाहेर पडल्या तेव्हा काळे कपडे घातलेले, तोंडाला मास्क लावलेले विद्यार्थी दुतर्फा मूक उभे होते. २२ मार्चला त्यांनी सर्वांना उद्देशून दहा पानी पत्र काढले. या संग्रहाच्या वाचकाने ते पत्र मिळवून वाचावे. त्यात माफी मागे घेतलेली नाही. कॅलिफोर्नियात १९९२ चा एक कायदा आहे, तो खासगी विद्यापीठांनाही विद्यार्थ्यांच्या बोलण्याबाबत अमेरिकी संविधानाच्या पहिल्या घटनादुरुस्तीचे, म्हणजे वाक्स्वातंत्र्याच्या हमीचे, निकष लावतो. त्या कायद्याचा आधार देऊन त्यांनी दाखवून दिले की निषेध करण्याचा हक्क आहे, पण दुसऱ्याची सभा चालूच न देणे हा त्या हक्काचा भाग नाही. कुणाही विद्यार्थ्यावर मात्र कारवाई केली नाही. कारण स्पष्ट लिहिले: त्या दिवशी हजर असलेल्या प्रशासकांनीच उलटसुलट संकेत दिले होते, मग शिक्षा विद्यार्थ्यांना कशी द्यायची? त्याऐवजी सगळ्यांसाठी अर्ध्या दिवसाचे सक्तीचे सत्र ठेवले, विषय वाक्स्वातंत्र्य आणि वकिली पेशाचे संकेत.

येल लॉ स्कूलमध्ये त्याच्या वर्षभर आधी, मार्च २०२२ मध्ये, जवळजवळ असाच गोंधळ झाला होता. त्याचा तपशील एका लेखात आहे, म्हणून एवढेच सांगतो की तिथे व्यासपीठावर एक पुराणमतवादी ख्रिस्ती वकील आणि एक निरीश्वरवादी संघटनेची वकील अशा दोघी बसल्या होत्या. कॉलेजच्या आवारात बोलण्याच्या हक्काविषयीच्या एका खटल्यात दोन्ही गट एकाच बाजूला आले होते, आणि त्यावरच त्या बोलणार होत्या. दोन टोकांची माणसे एका मुद्द्यावर कशी एकत्र येतात हे शिकण्याची ती सुवर्णसंधी होती. आरडाओरड्यात ती गेली.

आता थोडे मागे जाऊ, कारण या वादाचे मूळ सूत्र मला १९५० च्या एका निकालात सापडते. ह्यूस्टनचे हेमन स्वेट टपाल खात्यात नोकरी करत. ते कृष्णवर्णीय असल्यामुळे टेक्सास विद्यापीठाच्या लॉ स्कूलने त्यांना प्रवेश नाकारला. खटला उभा राहिल्यावर राज्याने घाईघाईने कृष्णवर्णीयांसाठी वेगळे लॉ स्कूल काढले. स्वेट यांची बाजू थरगुड मार्शल यांनी लढवली. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही संस्थांची तुलना केली: एकीकडे ६५,००० ग्रंथ, दुसरीकडे १६,५०० च्या आसपास. पण न्यायालय पुस्तकांच्या मोजणीवर थांबले नाही. ज्या शाळेतून राज्यातली ८५ टक्के लोकसंख्या वगळली आहे, आणि उद्याचे बहुतेक वकील, साक्षीदार, ज्युरी आणि न्यायाधीश त्या ८५ टक्क्यांतच आहेत, तिथले वकिलीचे शिक्षण बरोबरीचे मानता येत नाही, असे न्यायालयाने एकमताने म्हटले. ज्यांच्याशी आयुष्यभर व्यवहार करायचा त्यांच्यापासून तोडून, विचारांच्या देवाणघेवाणीबाहेर ठेवून वकील घडत नाही, हा त्या निकालाचा आशय.

तो निकाल वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यातला आहे, आणि वर्णावरून दार बंद करणे व मतावरून कानाडोळा करणे या दोन गोष्टी मी एका पातळीवर ठेवणार नाही. एकाला जन्मभराची शिक्षा होते, दुसऱ्याला एका सभेपुरती. तरी शिक्षणाविषयीचा त्यातला युक्तिवाद आजही जसाच्या तसा लागू पडतो. डंकन यांच्यावर ओरडणाऱ्यांपैकी कुणी उद्या टेक्सासमध्ये एखाद्या ट्रान्सजेंडर कैद्याचे अपील घेऊन गेला, तर ते पाचव्या सर्किटसमोरच जाणार. त्या न्यायाधीशाचे मन कसे चालते, कोणत्या युक्तिवादाने ते हलू शकते, हे त्या विद्यार्थ्याला फुकटात कळणार होते. नुकसान अखेर अशिलाचे झाले.

राजकीय कलाचा प्रश्न याला जोडूनच येतो. अमेरिकेत राजकीय देणग्यांची नोंद उघड असते. तिच्या आधारे बोनिका, चिल्टन, रोझेमा आणि सेन या संशोधकांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तिथल्या वकिलांपैकी सुमारे ३५ टक्के उजवीकडे झुकलेले दिसतात, तर कायद्याच्या प्राध्यापकांपैकी फक्त १५ टक्के. पेशातला प्रत्येक तिसरा माणूस ज्या बाजूचा आहे ती बाजू वर्गात सातात एक इतकीच उरते. यात भेदभाव किती आणि उजव्या वकिलांना मास्तरकीपेक्षा वकिली जास्त आवडते म्हणून किती, यावर दोन्हीकडून लिहिले जाते. मला महत्त्वाचा वाटतो तो परिणाम. १९८२ मध्ये येल आणि शिकागोतल्या काही विद्यार्थ्यांना वर्गात आपले कुणी ऐकत नाही असे वाटले, आणि त्यातून फेडरलिस्ट सोसायटी उभी राहिली. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत सर्वोच्च न्यायालयासाठी नावे सुचवणाऱ्या वर्तुळाच्या केंद्रस्थानी हीच संघटना होती. ज्या मताला वर्गात धड प्रतिवाद मिळाला नाही ते मत थेट न्यायासनावर जाऊन बसले, आणि त्याला उत्तर देण्याची तालीम झालेले वकील समोर कमी पडले. उदारमतवादी प्राध्यापकांनी हे दुःख मनाला लावून घ्यावे, असे मला मनापासून वाटते. मी त्यांच्याच बाजूचा आहे म्हणून तर जास्तच.

दुसऱ्या बाजूचे हात स्वच्छ आहेत असे मात्र कुणी समजू नये. जानेवारी २०२२ मध्ये जॉर्जटाउनच्या लॉ स्कूलमध्ये रुजू होणार असलेल्या, उजव्या विचारांच्या इल्या शपीरो यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या नेमणुकीवर ट्वीट केले. त्यांच्या मते योग्य माणूस होते भारतीय वंशाचे न्यायाधीश श्री श्रीनिवासन. ते सांगताना कृष्णवर्णीय महिला उमेदवारांविषयी त्यांनी वापरलेले शब्द अपमानकारक होते. त्यांनी ते काढून टाकले, दिलगिरीही व्यक्त केली. चार महिने चौकशी चालली आणि शेवटी, ट्वीटच्या दिवशी ते नोकरीतच नव्हते, या तांत्रिक कारणावर सुटका झाली. त्यांनी राजीनामा दिला. यावर उजवीकडून मोठा गहजब झाला, आणि तो रास्त होता. पण मे २०२४ मध्ये १३ संघीय न्यायाधीशांनी कोलंबिया विद्यापीठातल्या आंदोलनांवरून जाहीर केले की पुढे तिथे प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांना आपण सहायक म्हणून घेणार नाही. कुणी काय बोलले याची शिक्षा त्या आवारात असलेल्या प्रत्येकाला! न्यायासनावरच्या माणसांना हे कसे सुचले, मला अजून कळत नाही. आणि २०२५ च्या मार्चमध्ये वॉशिंग्टनचे हंगामी सरकारी वकील एड मार्टिन यांचे पत्र जॉर्जटाउनला पोहोचले. तुमच्या अभ्यासक्रमातून विविधतेचा विषय काढला नाहीत तर तुमचे विद्यार्थी आमच्या कार्यालयात घेणार नाही, असा त्याचा रोख होता. डीन विल्यम ट्रेनॉर यांनी काही दिवसांतच उत्तर दिले: काय शिकवायचे हे सरकारने सांगायचे नाही, पहिली घटनादुरुस्ती ते होऊ देत नाही. विद्यार्थ्यांच्या हुल्लडीत आणि सरकारी पत्रात मोठा फरक आहे. हुल्लड तासाभरात संपते. सरकारच्या हाती नोकरी असते, खटला असतो, तुरुंग असतो.

ही शेवटची गोष्ट आपल्याकडे समजावून सांगावी लागत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये इंदूरच्या शासकीय नवीन विधी महाविद्यालयात काय झाले ते आठवा. काही शिक्षक सरकार आणि लष्कराविरुद्ध बोलतात, धार्मिक कट्टरता पसरवतात, अशी तक्रार अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेने केली. शिक्षकांना शिकवण्यापासून दूर ठेवले गेले. मग ग्रंथालयातले एक पुस्तक पुढे आले, सामूहिक हिंसा आणि फौजदारी न्यायव्यवस्था या विषयावरचे. त्यातला मजकूर हिंदूंच्या भावना दुखावतो, अशा एका विद्यार्थ्याच्या तक्रारीवरून लेखिका, प्रकाशक, प्राचार्य आणि एक प्राध्यापक यांच्यावर गुन्हा दाखल झाला. प्राचार्यांनी राजीनामा दिला. पुस्तक कॉलेजने घेतले होते २०१४ मध्ये; हे गृहस्थ प्राचार्य झाले २०१९ मध्ये. गुन्हा काय, तर ग्रंथालयात पुस्तक असणे.

ते पुस्तक मी वाचलेले नाही. ते एकांगी असू शकेल. कायद्याच्या ग्रंथालयात एकांगी पुस्तके असतातच, असायलाच हवीत; विद्यार्थ्याने त्यावर टिपण लिहावे, लेखिकेचे पुरावे तपासावेत, वर्गात फाडून काढावेत. तक्रार करणारा विद्यार्थी कायदाच शिकत होता. त्याला पुस्तकाचा राग आला यात काही गैर नाही. पण प्रतिवाद लिहिण्याऐवजी पोलिस ठाण्याची पायरी चढावी असे त्याला वाटले, आणि राज्याच्या यंत्रणेने त्याला पाठबळ दिले. प्राचार्यांना आधी सर्वोच्च न्यायालयाकडून अटकेपासून संरक्षण घ्यावे लागले, आणि मे २०२४ मध्ये न्यायमूर्ती भूषण गवई व न्यायमूर्ती संदीप मेहता यांच्या खंडपीठाने त्यांच्यावरचा गुन्हा रद्द केला, तो दाखल करणे मुळातच हास्यास्पद आहे असे ठरवून. दीड वर्ष गेले. स्टॅनफर्डच्या डीनमागे त्यांचे विद्यापीठ उभे राहिले आणि पुढे त्या तिथे प्रोव्होस्ट झाल्या. इंदूरच्या प्राचार्यांमागे कोण उभे राहिले? ही तुलना मला सतावते.

आपल्याकडे नियामकही पक्ष घेऊन बसतो. समलिंगी विवाहाचा खटला घटनापीठासमोर चालू असताना, एप्रिल २०२३ मध्ये, बार कौन्सिल ऑफ इंडियाने राज्यांच्या बार कौन्सिलांसह ठराव करून हा विषय संसदेवर सोडावा असे न्यायालयाला सांगितले. ही तीच संस्था जिच्या मान्यतेशिवाय देशातले एकही लॉ कॉलेज चालत नाही. तीसहून अधिक कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांनी तिचा लेखी निषेध केला, त्यांचे कौतुक करावे तितके थोडे. १९६७ मध्ये शिकागो विद्यापीठात कायद्याचेच प्राध्यापक असलेल्या हॅरी कॅल्व्हन यांच्या समितीने एक छोटा अहवाल लिहिला होता. विद्यापीठाने टीकाकारांना घर द्यावे, स्वतः टीकाकार होऊ नये, असे त्याचे म्हणणे. त्याला अपवाद करावे लागतात, आणि ते कोणते यावर या संग्रहात दोन लेखकांची चांगलीच जुंपली आहे. पण मान्यता देणाऱ्या संस्थेला तरी तो नियम लागू असावा, यावर दुमत का व्हावे?

मराठी वाचकाला या विषयासाठी खरे तर स्टॅनफर्डपर्यंत जायची गरज नाही. जून १९३५ मध्ये मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला त्यांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने त्यांना पुढच्या वर्षीच्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद दिले. भाषणाचा मजकूर आधी हाती आला तसे मंडळ बिथरले. वेदांविषयीचे आणि शास्त्रांविषयीचे भाग गाळा, असा आग्रह झाला, मंडळाचा माणूस मुंबईला येऊन गेला. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली. बोलावलेल्या वक्त्याला मतांसाठी नाकारण्याचे आपल्याकडचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही, आणि नाकारला गेलेला वक्ता एका लॉ कॉलेजचा प्राचार्य होता.

त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापले, १,५०० प्रती, किंमत आठ आणे. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्याचा समाचार घेतला. मंडळाने अशा माणसाचे विचार ऐकण्याची संधी लोकांकडून हिरावून घेतली, ही चूक झाली, हे त्यांनी आधी स्पष्ट सांगितले. किंमत कमी करून दोन आणे, निदान चार आणे करावी असेही सुचवले, म्हणजे जास्त लोक वाचतील. नंतर मुद्द्यांवर आले आणि कडाडून विरोध केला. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी काय केले? गांधीजींची टीका पूर्ण छापली आणि तिच्याखाली स्वतःचे उत्तर. ज्याला जन्मापासून बोलण्याची जागा नाकारली गेली होती त्याने आपल्या पुस्तकात प्रतिपक्षाला त्याच्याच शब्दांत जागा दिली, आणि मग त्याचा एकेक मुद्दा घेऊन तो पाडला. कायद्याच्या पहिल्या वर्षाला ही आवृत्ती, दोन्ही बाजूंसह, सक्तीने वाचायला लावावी असे मी अनेक ठिकाणी सुचवले आहे.

या संग्रहात एक लेख असायला हवा होता तो नाही, आणि त्याची उणीव मला जाणवते. महाराष्ट्रातल्या बऱ्याच विधी महाविद्यालयांत तासिका तत्त्वावरचे शिक्षक शिकवतात. त्यांना पुढच्या वर्षी तास मिळणार की नाही हे दरवर्षी नव्याने ठरते. राजद्रोह, आरक्षण, समान नागरी कायदा, अनुच्छेद ३७० हे विषय त्यांनाच शिकवायचे असतात, आणि वर्गात प्रत्येक बाकावर रेकॉर्डिंगची सोय असलेला मोबाइल असतो. अशा शिक्षकाने एखाद्या निकालाची दुसरी बाजू ताकदीने मांडली आणि त्यातली दोन मिनिटे कापून कुणी गावभर फिरवली, तर त्याच्या बाजूने पत्र कोण काढणार? प्राचार्य, संस्थाचालक, विद्यापीठाची विद्याशाखा की शहरातला वकील संघ? याचे उत्तर आज कुठल्याही नियमावलीत लिहिलेले नाही. पुढच्या आवृत्तीसाठी या शिक्षकांपैकीच कुणी हा लेख लिहावा. नाव न छापण्याची हमी संपादकांनी मला तोंडी दिलेली आहे.